कात्रीचा चहा

ज्या माणसाच्या नावानं मी निम्मी हयात बोटं मोडली, त्याचेच उपकार मानायची वेळ माझ्यावर आली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलताना मन मोकळं राहील.

हा माणूस म्हणजे कात्री. खरं नाव वेगळं आहे, चांगलं भारदस्त आहे, पुस्तकांवर छापलेलं असतं. पण आमच्या घरात तो कात्रीच. नाव ह्यांनी ठेवलेलं. हे म्हणजे माझे यजमान. कॉलेजात साहित्य शिकवायचे आणि नाटकांवर समीक्षा लिहायचे. कात्रीही तेच करायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात. दुसऱ्याचं लिखाण हातात आलं की हा माणूस ते कापून, उसवून, चिंध्या करून परत देणार, म्हणून कात्री. आता मी त्यांना भाऊजी म्हणते. पण सांगताना कात्रीच म्हणणार, नाहीतर मला सांगायला मजा यायची नाही.

भांडण कशावरून, तर एका नाटकावरून. तेही ह्या दोघांपैकी कोणी लिहिलेलं नाही. लिहिणारा केव्हाच मरून गेला, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नाही. मी शाळेत गणित शिकवलं. माझ्या विषयात उत्तर एकच येतं आणि पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं. दोघांचं जुळलं नाही, तर एक जण चुकलेला असतो, विषय संपला. ह्या समीक्षक लोकांचं तसं नाही. ह्यांच्यात दोघंही बरोबर असू शकतात, आणि तरी आयुष्यभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

नाटक मत्सराचं आहे. एक वीणा घडवणारा कारागीर असतो. त्याच्यासारखी वीणा कोणाला जमत नाही, पण त्याला स्वतःला वाजवता येत नाही. बोटं जाड, करवतीनं ठिकठिकाणी कापलेली. त्याची सगळ्यात सुरेख वीणा एक तरुण वादक वाजवतो आणि लोक वाहवा करतात ती वादकाची. घडवणाऱ्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही. मग ती वीणा दुरुस्तीला परत कारागिराच्या घरी येते. एका संध्याकाळी तो बाहेरून येतो, तर बंद दाराआड वीणा वाजत असते. आत बायको. म्हणजे वादकही आतच, असं हा धरून चालतो. बाहेरून कडी घालतो आणि घर पेटवून देतो. शेवटच्या प्रवेशात तो वादक परगावाहून धावत येतो, जिवंत, धडधाकट. वाजवत होती ती बायकोच. नवऱ्याला एकदा ऐकवायचं म्हणून गुपचूप शिकली होती. कारागीर त्या वादकाकडं बघतो, राखेकडं बघतो आणि विचारतो, "मग वीणा कोण वाजवत होतं?" पडदा.

आता ह्या एका वाक्यावर ह्यांचं अख्खं पुस्तक आहे. ह्यांचं म्हणणं असं, की बायको जळून गेली तरी हा माणूस तिचं नाव घेत नाही, विचारतो ते वीणेचं. म्हणजे मत्सर बायकोवरून नव्हताच. आपण घडवलेल्या लाकडातून दुसरा कोणीतरी सूर काढतो आणि आपल्याला ते जमत नाही, हे त्याला सोसवत नव्हतं. बायको मधल्या मध्ये गेली. कात्रीचं म्हणणं बरोबर उलटं. तो म्हणतो, बायकोचं नाव घ्यायला आता त्या माणसाला तोंडच उरलेलं नाही, म्हणून तो वीणेच्या आडून तिच्याबद्दल विचारतो. मत्सर प्रेमाचाच, शंभर टक्के. ह्यांचं पुस्तक आलं तेव्हा कात्रीनं त्यावर लांबलचक परीक्षण लिहिलं आणि शेवटी एकच गोष्ट वाखाणली, ती म्हणजे कागद. "कागद चांगला वापरला आहे." वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांनी मात्र ते परीक्षण कापून जपून ठेवलं, वर मला म्हणाले, "अगं, लेकाचा लिहितो बाकी छान."

हे "अगं" लक्षात ठेवा. ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. आमचा सगळा संसार ह्या "अगं"वर झाला. अगं, माझा चष्मा. अगं, ऐक ना, हा परिच्छेद वाचतो. अगं, किती वेळ. दिवसातून इतक्यांदा, की मी वैतागून म्हणायचे, एक दिवस तरी मला गप्प राहून दाखवा.

तेही बघायला मिळालं.

जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या ह्यांच्या हातातून चमचा गळला. मी म्हटलं, उचला की. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं, तर आतून नुसता घरघर आवाज. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला. उजवा पाय हळूहळू वळणावर आला, उजवा हात अर्धामुर्धा. पण बोलणं गेलं. म्हणजे समजत सगळं होतं. पेपर वाचून दाखवला की योग्य जागी कपाळाला आठी पडायची. फक्त शब्द आत अडकून बसलेले.

लोक भेटायला यायचे. कोणी नीट बोलायचं, कोणी ह्यांच्यादेखत ह्यांच्याबद्दलच मला विचारायचं, जणू काही हे भिंतीवरचं कॅलेंडर. कॉलेजातला एक जुना सहकारी तर जाताना जिन्यात मला म्हणाला, "काय हो नशीब! आयुष्यभर शब्दांचा अर्थ सांगितला आणि शेवटी हे." मी म्हटलं, शेवट झालेला नाही अजून, आणि पायऱ्या जपून उतरा, तिसरी फुटलेली आहे. फुटलेली चौथी होती. असो.

बोलणं परत आणायला एक मुलगी यायची. स्पीच थेरपिस्ट. गुणी पोरगी, हसतमुख, पिशवीत चित्रांची कार्डं घेऊन. छत्री. कुलूप. चमचा. "काका, हे काय आहे सांगा बघू?" काका कार्डाकडं बघायचे, मग खिडकीबाहेर बघायचे. एकदा तर डाव्या हातानं कार्ड अलगद सरकवून तिच्याकडं परत दिलं, परीक्षेत चुकीची प्रश्नपत्रिका आली तर द्यावं तसं. मी चिडले, विनवण्या केल्या, रडले. ढिम्म. ती पोरगी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, "काकू, पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. आत्ता प्रयत्न झाला नाही, तर पुढं अवघड होत जातं. त्यांनी बोलायला पाहिजे. काहीही बोलू देत, पण बोलायला पाहिजे."

काहीही. मला तर एकच पाहिजे होतं. मी सकाळी जागी होऊन कान लावून पडायचे, आज म्हणतील, "अगं". नुसतं तेवढंच. दुसरं काही नको देवा, बाकीचं सगळं मी समजून घेईन.

आणि अशा दिवसांत एका दुपारी बेल वाजली. दार उघडते तो काय, कात्री.

आमचा उंबरठा ह्या माणसानं कधी ओलांडला नव्हता. सभा-संमेलनांत लांबून पाहिलेला, तेवढीच ओळख. उंच, वाकलेला, गळ्यात चष्म्याची दोरी, खांद्याला पुस्तकांनी फुगलेली पिशवी. जिने चढून धाप लागलेली. मी दारातच उभी. त्याला म्हटलं, "आता काय राहिलंय?" अगदी असंच म्हटलं, तोंडावर.

"भांडायला आलोय, वहिनी," कात्री म्हणाला. "मास्तर जागा आहे ना?"

ह्यांना तो मास्तर म्हणायचा, हे मला त्या दिवशी कळलं. मी काही म्हणायच्या आत माझ्या बाजूनं आत शिरलासुद्धा. मी मागोमाग. हे खिडकीपाशी खुर्चीत. कात्रीला पाहिलं आणि ह्यांचे डोळे असे मोठे झाले, की मला वाटलं, दुसरा झटका येतोय. कात्रीनं ना तब्येत विचारली, ना "काळजी घ्या" म्हटलं. स्टूल ओढलं, पिशवीतून स्वतःचाच एक लेख काढला आणि मोठमोठ्यानं वाचायला लागला. तोच तो. कारागिराचं बायकोवर कसं निस्सीम प्रेम होतं, आणि ज्यांना ते दिसत नाही त्यांचं वाचन कसं उथळ आहे. "उथळ" शब्दावर थांबून त्यानं ह्यांच्याकडं चष्म्यावरून पाहिलं.

ह्यांचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा टरारल्या. डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटायला लागली. मी ओरडले, "बंद करा! माणूस आहात का कोण आहात? उठा, चालते व्हा माझ्या घरातनं!" आणि त्याच्या हातातला कागद ओढायला गेले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ना... ही."

मी मागं वळले. हे पुढं झुकले होते. ओठ थरथरत होते. पुन्हा म्हणाले, आता स्वच्छ, दणदणीत, "नाही!"

मला नाही, कात्रीला म्हणत होते. लेखाला म्हणत होते. प्रेमबिम काही नाही, असं म्हणत होते.

"का नाही?" कात्री शांतपणे म्हणाला, जणू दोघं रोजच बसतात असे. "उद्या येतो. तोवर विचार कर." कागद पिशवीत घातले आणि निघून गेला. मी ओट्याशी जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. ह्या माणसाला धक्के मारून हाकलावं की त्याचे पाय धरावेत, मला काही कळेना.

दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, मग रोजच यायला लागला. थेरपिस्ट पोरीला सांगितलं तेव्हा मला वाटलं, ती रागावेल. ती तर हरखलीच. म्हणाली, "काकू, काही जणांना असं होतं. ठरवून बोलायला गेलं की शब्द सापडत नाहीत, पण भावना उसळली की एखादा सुटून येतो. येऊ द्या त्यांना. मीपण बसते." मग तिनं कार्डंच बदलली. छत्री, कुलूप गेलं. वीणा, तार, करवत, कडी, राख असली चित्रं स्वतः काढून आणली. चित्रकला बेतास बात. तिची वीणा भोपळ्याला काठी टोचल्यासारखी दिसायची. पण हे ती ओळखायचे आणि नाव घ्यायचे. एकेक शब्द, घामाघूम होऊन.

आणि कात्री! त्यानं तर ताळच सोडला. रोज नवीन अर्थ. एके दिवशी म्हणाला, कारागीर बहिराच होता, त्यानं वीणा ऐकलीच नाही. हे म्हणाले, "चूक." मग म्हणाला, आग त्यानं लावलीच नाही, बायकोच्या हातून दिवा कलंडला. हे म्हणाले, "मूर्ख." मग म्हणाला, ह्या नाटकाला सगळे उगाच शोकांतिका म्हणतात, नीट बघितलं तर ते विनोदी आहे. त्यावर ह्यांनी डोळे मिटून घेतले, खूप वेळ आत काहीतरी धुंडाळलं आणि विचारलं, "पान... कुठलं?"

पान कुठलं! नवऱ्याचा झटक्यानंतरचा पहिला दोन शब्दांचा प्रश्न, आणि तो काय, तर पुरावा दाखव. मी हसता हसता खाली बसले. कात्रीनं पिशवीतून नाटकाची फाटकी प्रत काढली आणि गंभीर चेहऱ्यानं शोधत बसला. नसलेलं पान शोधत अर्धा तास काढला त्यानं. तेवढा वेळ हे त्याच्याकडं असे विजयी मुद्रेनं बघत होते, की मला ह्यांचं तारुण्य आठवलं.

मी चहा द्यायला लागले ते तेव्हापासून. मला दुसरं काय येतं? माफी मागायला जीभ रेटेना, आभार मानायला तर त्याहून रेटेना. मग निदान चहा तरी झकास द्यावा. आलं ठेचून, दूध जास्त, साखर दोन चमचे भरून. माझ्या चहाला अजून कोणी नाव ठेवलेलं नाही. कात्री कप दोन्ही हातांत धरून सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा.

पण एक गोष्ट मला खटकायची. चहाचा ट्रे आत आला की हे अस्वस्थ व्हायचे. डावा हात कात्रीच्या कपाकडं करून हलवायचे, घशातून हूं हूं आवाज काढायचे. एकदा तर कपाला हात लागून चहा बशीत सांडला. शब्द काही यायचा नाही. मला उलगडा व्हायला कितीसा वेळ लागतो? शत्रूचे लाड बघवत नाहीत, दुसरं काय! मी थेट सुनावलं, "पुरे झाला मत्सर. ज्यानं तुम्हाला बोलतं केलं, त्याला घोटभर चहासुद्धा देऊ नको म्हणता? मोठे आलेत नाटकातल्या मत्सराचा अर्थ सांगणारे." हे माझ्याकडं बघत राहिले. मग हात खाली घेतला. कात्री म्हणाला, "असू द्या वहिनी, असू द्या," आणि चहा संपवला.

पुढं मात्र गाडं अडलं. सुटे शब्द यायचे, कधी दोन एकत्र, पण वाक्य काही जुळेना. नाही, चूक, मूर्ख, पान कुठलं. आठवडे गेले, ह्यापुढं काही नाही. पोरगी धीर द्यायची, पण तिचं हसू थोडं ओढल्यासारखं व्हायला लागलं. परगावी असलेली आमची लेक फोनवर विचारायची, "बाबा बोलतात का गं?" मी म्हणायचे, "बोलतात की, कात्रीला शिव्या देतात." ती हसायची. मला कोणी अजून "अगं" म्हटलं नव्हतं.

कात्रीही दमलेला दिसत होता. वाह्यात अर्थ काढायलासुद्धा डोकं लागतं, ते संपत आलं होतं. हे आता चिडायचेही नाहीत, नुसतं कंटाळून "चूक" म्हणून खिडकीबाहेर बघायचे, कार्डाकडं बघून बघायचे तसंच. ते मी पाहिलं. कात्रीनंही पाहिलं असावं. त्या दिवशी जाताना जिन्यात कठड्याला धरून बराच वेळ उभा होता. मी विचारलं, "बरं नाही का?" म्हणाला, "विचार करतोय वहिनी. आता एकच डाव उरलाय. तो खेळायची हिंमत होत नाहीये."

दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो इस्त्रीचा सदरा घालून. पिशवी नाही, कागद नाहीत. स्टुलावर न बसता उभा राहिला, वर्गात राहतात तसा.

"मास्तर," म्हणाला, "शनिवारी आमच्या कॉलेजात माझं व्याख्यान आहे, ह्याच नाटकावर. नवीन विचार सुचलाय, तुला आधी ऐकवतो."

आणि बोलायला लागला. मी दारात उभी राहून ऐकत होते, थेरपिस्ट पोरगी कोपऱ्यात कार्डं घेऊन बसलेली. म्हणाला, आजवर सगळे समजत आले की कारागिराचा मत्सर बायकोपायी होता. पण बघा, राखेपुढं उभा राहून तो विचारतो काय? वीणा कोण वाजवत होतं. माझ्या असं लक्षात आलंय, कात्री म्हणाला, "माझ्या" शब्दावर जोर देऊन, की मत्सर सुराचा आहे. आपल्या हातानं घडवलेल्या लाकडात सूर आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तो सूर बाहेर काढणारे हात मात्र कायम दुसऱ्याचे...

अहो, हे तर ह्यांचं! शब्द न् शब्द ह्यांच्या पुस्तकातला. मी किती वेळा ऐकलेला, भाजी निवडता निवडता, वह्या तपासता तपासता. पण कात्री नुसतं पाठ म्हणत नव्हता. जीव ओतून सांगत होता. गणिताच्या बाईच्या अंगावर काटा आला, म्हणजे बघा. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते इतकं सुंदर लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

खुर्ची करकरली. हे उभे राहत होते. कोणाचा आधार नाही, डावा हात खिडकीच्या चौकटीवर. चेहरा असा झाला होता, की नाटकात कडी घालायच्या आधी कारागिराचा झाला असेल तसा.

"ते," हे म्हणाले.

कात्री थांबला नाही. "आणि माझा पुढचा मुद्दा असा..."

"ते माझं आहे!"

अख्खं वाक्य. कर्ता, क्रियापद, सगळं. घर दणाणलं. आणि एक सुटलं तशी मागची ओळीनं सुटली, धडपडत, अडखळत. "ते माझं आहे. तुझं... तुझं नाही. तू चोर. मी लिहिलं. मी! तू म्हणालास... कागद. कागद चांगला!" इतक्या वर्षांचा कागद ह्यांनी बाहेर काढला आणि खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडायला लागले. पोरगी टाळ्या पिटत होती. मी देवाचं नाव घेत होते की कात्रीचं, आता आठवत नाही.

कात्री कधी बाहेर सटकला कळलंच नाही. मी धावत जिन्यात गेले. फुटक्या पायरीवर बसला होता, चष्मा हातात, डोळे पुसत.

"चोर म्हणाला मला," म्हणाला. "काय खणखणीत म्हणाला, ऐकलंत?"

"तुम्ही खरंच देणार होतात का ते व्याख्यान?"

"कसलं व्याख्यान वहिनी! मला कोण बोलावतंय आता?" मग चष्मा सदऱ्याला पुसत राहिला. "पण खोटं काहीच नाही बोललो. मला पटलंय ते. फार पूर्वीच पटलं, परीक्षण लिहून झाल्यावर दुसऱ्यांदा पुस्तक वाचलं तेव्हाच. त्याचं बरोबर आहे."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"बोललो असतो तर काय झालं असतं? 'धन्यवाद' म्हणाला असता, संपलं असतं. दुसरं कोण होतं मला? माझं लिहिलेलं ओळ न् ओळ वाचून त्यावर तुटून पडणारा हा एकच. मी लेख लिहायला बसलो की डोळ्यासमोर हाच असायचा. आता मास्तर काय म्हणेल?" उठून उभा राहिला. "त्याला सांगू नका इतक्यात. चांगला घडाघडा भांडायला लागू दे, मग मीच सांगेन."

माझी जीभ रेटत नव्हती म्हणाले ना, ती त्या जिन्यात सुटली. "भाऊजी," मी म्हटलं, पहिल्यांदाच, "मी तुम्हाला फार वाईट बोलले आहे, तुमच्या मागं तर त्याहून वाईट. तुम्ही माझं माणूस मला परत दिलंत. हे ऋण मी कशानं फेडू?"

ते अवघडले. समीक्षक माणूस, स्तुती ऐकायची सवय नाही. म्हणाले, "चहा करा."

केला की! आलं दुप्पट, दूध दाट, आणि साखरेला त्या दिवशी हात आखडला नाही, तीन चमचे. माझ्याकडं कृतज्ञता मोजायला दुसरं माप नव्हतं. ट्रे घेऊन बाहेर आले. दोघं समोरासमोर बसले होते, एकमेकांकडं न बघता. पोरगी निघायच्या तयारीत. मी कात्रीपुढं कप धरला. ह्यांचा डावा हात पुन्हा उठला, पुन्हा तेच हूं हूं. माझ्या कपाळावर आठी चढली. आजसुद्धा? मी तोंड उघडणार, तेवढ्यात.

"अगं."

ट्रे माझ्या हातातून सुटायचाच. पोरीनं धरला म्हणून बरं.

"अगं," हे म्हणाले, माझ्याकडं बघून, एकेक शब्द खालून वर ओढत, "साखर... नको. त्याला. त्याला मधुमेह आहे. कधीचा."

मी कात्रीकडं पाहिलं. कात्री कपात बघत होते.

"भाऊजी, खरं?"

"तसा आहे थोडा," ते म्हणाले. "पण ह्याला कसं ठाऊक?"

"संमेलनात," हे म्हणाले. "तू... गोड... बाजूला सारलंस. दर वर्षी."

म्हणजे दर वर्षी लांबच्या टेबलावरून हे शत्रूच्या ताटात डोकावून बघत होते. आणि मी ह्यांच्या हाताच्या हालचालीचा अर्थ लावत होते मत्सर म्हणून! इतके दिवस तो हात एवढंच सांगत होता, ह्याला साखर देऊ नको गं. आणि समोरचा हा शहाणा, जाणून बुजून, गुपचूप पीत होता.

"अहो, मग नको म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" मी कात्रीवर ओरडले, रडत रडत. "तोंड होतं ना तुम्हाला? ह्यांचं गेलं होतं, तुमचं तर होतं!"

कात्री म्हणाले, "वहिनी, ह्या घरात पहिल्यांदा चहा मिळत होता. नको कसं म्हणणार?"

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. दोघांनाही यथेच्छ झापलं, एकाला न बोलल्याबद्दल आणि दुसऱ्यालाही न बोलल्याबद्दल. मग स्वयंपाकघरात जाऊन पातेलं घासून पुन्हा गॅसवर ठेवलं. आलं, दूध, चहापत्ती, साखर नाही. आयुष्यात इतकं काही मागून मिळतं का माणसाला? मी नुसतं "अगं" मागितलं होतं, आणि मिळालं ते असं मिळालं.

बाहेर कात्री म्हणत होते, "ते असू दे मास्तर, पण बायकोनं दार आतून ठोठावलं का नाही, हे तुझ्या पुस्तकात कुठंच नाही."

"आहे," हे म्हणाले. "आहे!"

"पान कुठलं?"

"अगं," ह्यांनी मला हाक मारली, "माझं... पुस्तक आण."

"आणते," मी म्हटलं, आणि चहा गाळायला घेतला.